युद्ध संपलं, रिळं उरली

रेडिओवरून चित्रपटाबद्दल बोलायचं म्हणजे पंचाईतच. चित्र दाखवता येत नाही, ते शब्दांत सांगावं लागतं. पण आजचा विषय असा आहे, की ही अडचण मला सोयीचीच वाटते. युद्धाच्या काळात सरकारांनी जे प्रचारपट काढले, त्यांचं निम्मं काम डोळ्यांवर चालायचं आणि निम्मं कानांवर. आणि ऐंशी वर्षांनी ते पुन्हा लावले, की त्यातली कुठली गोष्ट सर्वांत आधी म्हातारी झालेली दिसते? त्यातला आवाज. पडद्यामागून ठासून बोलणारा, सर्वज्ञ, कधीही न अडखळणारा तो निवेदक. आजचे प्रेक्षक पहिल्यांदा हसतात ते त्याला.

हसण्यावरून आठवलं. जेमतेम दोन मिनिटांची एक फीत आहे. १९४१-४२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये चार्ल्स रिडली नावाच्या गृहस्थांनी ती जुळवली. जुळवली म्हणतो, कारण त्यात त्यांनी स्वतः चित्रित केलेलं काहीच नाही. लेनी रीफेनश्टाल या जर्मन दिग्दर्शिकेनं १९३४ च्या न्यूरेंबर्गच्या नाझी मेळाव्यावर ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ हा चित्रपट केला होता. तो १९३५ मध्ये झळकला. रिडलींनी त्याचे तुकडे घेतले, ते पुढे-मागे, पुन्हा पुढे-मागे फिरवले आणि त्यावर ‘लॅम्बेथ वॉक’ या त्या वेळच्या लोकप्रिय लंडनी नाचाची चाल बसवली. झालं! पाय आपटत चालणारं सैन्य दोन पावलं पुढे, दोन मागे असं ठुमकू लागलं. हिटलरचा उंचावलेला हात तालावर वर-खाली होऊ लागला. ही फीत आज इंटरनेटवर सहज सापडते आणि आजची मुलंही ती बघून लोटपोट होतात.

गंमत अशी, की मूळ चित्रपट बघताना आजचा प्रेक्षक हसत नाही आणि भारावूनही जात नाही. तो कंटाळतो. कूच, झेंडे, भाषण, पुन्हा कूच. रॉजर इबर्ट या प्रसिद्ध अमेरिकी समीक्षकानं २००८ मध्ये या चित्रपटावर लिहिताना त्याचं मोठेपण मान्य करायला नकार दिला आणि तो भयंकर कंटाळवाणा असल्याचं स्पष्ट सांगितलं. मला हे परीक्षण फार आवडलं. ‘विचार वाईट, पण कला थोर’ असं म्हणायची आपल्याला सवय झाली आहे. तिथे कुणीतरी घड्याळाकडे बघितलं.

पण हा कंटाळा आपल्याला परवडतो, कारण ते भाषण आपल्यासाठी नव्हतं. आज मला नेमकं याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. प्रचारपट एका विशिष्ट माणसासाठी, एका विशिष्ट आठवड्यासाठी बनलेला असतो. तो माणूस थिएटरातून उठून गेला, आठवडा सरला, तरी फीत डब्यात तशीच राहते. मग तिच्यासमोर भलतेच लोक येऊन बसतात.

अमेरिकेचं बघा. सेनाप्रमुख जॉर्ज मार्शल यांनी हॉलिवूडच्या फ्रँक काप्रा यांना बोलावून घेतलं आणि आपण का लढतो आहोत हे आपल्या पोरांना समजावून सांगायचं काम त्यांच्यावर सोपवलं. त्यातून १९४२ ते १९४५ या काळात ‘व्हाय वुई फाइट’ ही सात चित्रपटांची मालिका झाली. काप्रांनी रीफेनश्टालचा चित्रपट बघितला आणि शत्रूचीच दृश्यं शत्रूवर उलटवली. पहिल्याच भागात दोन पृथ्वीगोल आहेत, एक उजेडाचा, एक अंधाराचा. डिस्नेच्या कलावंतांनी काढलेल्या नकाशांवर काळी शाई सांडावी तसा शत्रू पसरत जातो. आज शाळेतल्या मुलालाही ही युक्ती कळते. पण त्या शाईनं जे देश झाकले जात होते त्यांतलं दुःख खोटं नव्हतं, आणि त्यामुळे हसू अर्ध्यावर थांबतं. खऱ्या गोष्टीसाठी केलेला प्रचारही प्रचारच असतो आणि तो बघताना दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवाव्या लागतात.

याच सरकारची ‘जॅपनीज रिलोकेशन’ ही १९४२ सालची छोटी फीत मला काप्रांच्या मालिकेपेक्षा जास्त अस्वस्थ करते. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत नेलं गेलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. या फितीत ओरडा नाही, शिवीगाळ नाही, राक्षसी व्यंगचित्रं नाहीत. एक सरकारी अधिकारी अत्यंत सभ्य सुरात सांगतो, की हे करावं लागतंय, आम्ही काळजी घेतोय, लोक मनापासून सहकार्य करताहेत. पडद्यावर सामानाचे गठ्ठे, गाड्यांत चढणारी कुटुंबं. १९८८ मध्ये अमेरिकेनं कायदा करून या अन्यायाबद्दल माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. हे माहीत असलेला प्रेक्षक ती फीत बघतो तेव्हा त्याला निवेदकाच्या सभ्यपणाचीच भीती वाटते. अशा आवाजापुढे माणूस सावध होत नाही.

आपल्याकडे या चित्रपटांना कोण बसत होतं? आपल्या आजोबांची पिढी, आणि तीही सक्तीनं. १९४० मध्ये ब्रिटिश सरकारनं फिल्म ॲडव्हायजरी बोर्ड स्थापन केलं. व्ही. शांताराम यांनीही काही काळ त्या कामात जबाबदारी घेतली होती. १९४३ मध्ये ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ आणि ‘इंडियन न्यूज परेड’ आले. एझरा मीर हे त्यातलं मोठं नाव. भारत संरक्षण नियमांत ‘४४-अ’ असं एक कलम घातलं गेलं आणि प्रत्येक थिएटरवाल्याला खेळाआधी दोन हजार फुटांपर्यंतची सरकारमान्य फिल्म दाखवणं भाग पडलं. दोन हजार फूट म्हणजे वीस-बावीस मिनिटं. त्याचं भाडंही थिएटरवाल्यानंच भरायचं.

आता त्या प्रेक्षकाच्या जागी बसून बघा. पडद्यावर सांगितलं जातंय, की हे युद्ध जगाच्या स्वातंत्र्यासाठी आहे. आणि ऑगस्ट १९४२ पासून नेहरू, पटेल, मौलाना आझाद ही सगळी मंडळी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात बंद आहेत. मौलानांची ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं तिथलीच. पाठवता न येणारी पत्रं ते एका दोस्ताच्या नावानं लिहीत बसले होते. स्वातंत्र्याचं निवेदन पडद्यावर आणि स्वातंत्र्य मागणारे किल्ल्यात, हे अंतर प्रेक्षकाला दिसत नसेल असं कोण म्हणेल?

ते दिसत होतं, याचा पुरावा त्या फितींत नाही मिळत. तो मिळतो ‘किस्मत’मध्ये. बॉम्बे टॉकीजचा १९४३ चा चित्रपट. त्यात कवी प्रदीप यांचं एक गाणं आहे, परक्यांना हिंदुस्थानातून चालते व्हा म्हणून सांगणारं. एका ओळीत जर्मन आणि जपानी यांची नावं आली आणि त्यामुळे ते सरकारच्या बाजूचं, शत्रूविरुद्धचं गाणं ठरून सेन्सॉरमधून सुटलं. थिएटरात बसलेल्या माणसाला मात्र परका कोण हे सांगायला कुणाची गरज नव्हती. कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला. मी स्वतः कविता लिहिणारा माणूस आहे, म्हणून मला या गाण्याचा हेवा वाटतो. शब्द तेच ठेवून अर्थ ऐकणाऱ्याच्या स्वाधीन करायचा, ही आमच्या धंद्यातली सर्वांत अवघड कसरत.

शांताराम यांनीही अशीच एक वाट काढली. कच्च्या फिल्मचा तुटवडा होता, परवाने सरकारच्या हातात होते आणि युद्धकार्याला साह्य होईल असे चित्रपट काढा, असा सरकारचा आग्रह होता. त्यांनी विषय निवडला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा. काँग्रेसनं १९३८ मध्ये चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांतले हे एक. जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तिकडेच वारले. चीन तेव्हा इंग्रजांचा दोस्त, त्यामुळे विषय सरकारला चालण्यासारखा. आणि आपल्या माणसांना दिसला तो काँग्रेसनं धाडलेला, दुसऱ्या पीडित देशासाठी मेलेला आपला तरुण. १९४६ चा हा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ आज पाहिला तर त्यातला युद्धप्रचार शोधावा लागतो. कोटणीस मात्र शोधावे लागत नाहीत.

इन्फर्मेशन फिल्म्सचा गाशा १९४६ मध्ये गुंडाळला गेला. परिणामी पंधरा ऑगस्ट १९४७ चा सोहळा टिपायला सरकारचं स्वतःचं वृत्तपटाचं खातं उरलं नव्हतं! १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन निघालं आणि खेळाआधी सरकारी फिल्म दाखवण्याची सक्तीही परत आली. माझ्या वयाच्या लोकांना ते आठवत असेल. पूर, धरणाचं उद्घाटन, परदेशी पाहुण्यांचं विमानतळावरचं स्वागत, आणि त्यावर तोच खर्जातला आवाज. अर्धे लोक त्या वेळी बाहेर शेंगदाणे घेत उभे असायचे. साहेब गेला, पण त्यानं लावून दिलेली वीस मिनिटं काही गेली नाहीत.

आवाजाचा मुद्दा मी सुरुवातीला काढला. त्याला एक अपवाद आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हम्फ्री जेनिंग्ज या ब्रिटिश दिग्दर्शकानं स्ट्यूअर्ट मॅकॲलिस्टरच्या साथीनं १९४२ मध्ये ‘लिसन टु ब्रिटन’ हा वीस मिनिटांचा माहितीपट केला. यात निवेदन नाही. नुसते आवाज आहेत. विमानं, आगगाडी, नाचाच्या हॉलमधला वाद्यवृंद, कारखान्यातली यंत्रं, शाळेच्या आवारात फेर धरणारी मुलं. कारखान्याच्या उपाहारगृहात दोन लोकप्रिय कलाकार गात असतात. त्यांच्या सुरावरून कॅमेरा अलगद नॅशनल गॅलरीत जातो. तिथल्या भिंतींवरची चित्रं सुरक्षित जागी हलवलेली आहेत आणि मायरा हेस पियानोवर मोझार्ट वाजवते आहे. जर्मन बाँब पडत असलेल्या शहरात जर्मन भाषा बोलणाऱ्या संगीतकाराची रचना, आणि त्यावर कुणीही काही बोलत नाही.

अधिकाऱ्यांना मात्र धास्ती वाटली, की हे लोकांना कळायचं कसं? म्हणून परदेशी प्रेक्षकांसाठी सुरुवातीला एका कॅनेडियन वक्त्याचं प्रास्ताविक जोडलं गेलं. आज तो चित्रपट पाहताना प्रास्ताविक चालू असेपर्यंत लोक चुळबुळ करतात, आणि ते संपलं की शांत होतात. रेडिओवर ऐकण्यासारखा खरा चित्रपट हाच. आणि तरीही तो प्रचारच आहे, हे विसरून चालणार नाही. त्यातल्या ब्रिटनला साम्राज्य असल्याची पुसटशी खूणही पटकन सापडत नाही. मी तो बघताना विरघळतो आणि मग स्वतःलाच विचारतो, की माझ्या आजोबांनी विरघळावं म्हणून हा केला असता तर?

काही चित्रपटांचं नशीब याच्या अगदी उलट. वॉर्नर ब्रदर्सनं १९४३ मध्ये ‘मिशन टु मॉस्को’ काढला. रशिया दोस्त होता म्हणून स्टालिनच्या बनावट खटल्यांचंसुद्धा त्यात समर्थन केलं गेलं. चारच वर्षांत वारं फिरलं आणि १९४७ मध्ये जॅक वॉर्नर यांना संसदीय समितीपुढे याच चित्रपटाचा खुलासा करावा लागला. प्रेक्षक म्हातारेही झाले नव्हते!

इथवर आपण हसलो, चुळबुळलो, थोडे विरघळलो. आता अशा चित्रपटांकडे येऊ, जिथे काळानं धार बोथट केली असं म्हणणं मला धाडसाचं वाटतं. फाइट हार्लान याचा १९४० मधला ‘युड झ्यूस’. यहुदी माणसाबद्दल विष कालवणारा, पण रंजक गोष्टीच्या वेष्टनातला चित्रपट. वेशभूषा, प्रेम, सूड, सगळं आहे. सुमारे दोन कोटी लोकांनी तो पाहिला. हिमलरनं एस.एस. आणि पोलिसांना तो बघण्याचा हुकूम सोडला होता. युद्धानंतर हार्लानवर खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. जर्मनीत असे चाळीसेक चित्रपट आजही खुले नाहीत. दाखवायचे तर आधी जाणकाराचं प्रास्ताविक आणि नंतर चर्चा, अशी अट आहे. फेलिक्स मोएलर यांनी २०१४ मध्ये या चित्रपटांवरच ‘फॉरबिडन फिल्म्स’ हा माहितीपट केला आणि त्यात खेळ संपल्यावर बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना बोलतं केलं. कुणी म्हणतं दाखवायलाच हवेत, झाकून ठेवल्यानं त्यांची किंमत वाढते. कुणी म्हणतं हे आजही काम करू शकतं. मला दोघांचंही पटतं आणि त्यामुळे माझं उत्तर तयार नाही. एवढं खरं, की ‘ट्रायम्फ ऑफ द विल’सारखा हा चित्रपट कंटाळा आणत नाही. गोष्ट सांगणारा प्रचार भाषण देणाऱ्या प्रचारापेक्षा जास्त जगतो.

आणि शेवटी तेरेझीन. चेक भूमीवरच्या या किल्लेवजा गावात नाझींनी यहुद्यांची छावणी केली होती. जून १९४४ मध्ये रेड क्रॉसच्या लोकांना ती दाखवायची म्हणून घरं रंगवली, बागा लावल्या, गर्दी कमी दिसावी म्हणून हजारो लोकांना आऊशविट्झला धाडून दिलं. पाहणी पार पडली. मग या देखाव्याचा चित्रपटच करून टाकावा असं ठरलं. दिग्दर्शनाचं काम दिलं कैद्यांतल्याच एकाला. कुर्ट गेरोन, बर्लिनचा नावाजलेला नट. ‘द ब्लू एंजल’मध्ये मार्लेन डीट्रिशबरोबर जादूगाराच्या भूमिकेत तुम्हाला तो अजूनही दिसेल. त्यानं १९४४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात चित्रण केलं. फुटबॉलचा सामना, ग्रंथालय, वाद्यवृंद, लोणी लावलेला पाव खाणारी मुलं. ‘ब्रुंडिबार’ नावाच्या बालसंगीतिकेत गाणारी मुलं. चित्रण संपलं आणि ऑक्टोबरच्या अखेरीला गेरोनलाही आऊशविट्झला नेऊन मारण्यात आलं. पडद्यावर दिसणाऱ्या बहुतेकांचं तेच झालं. चित्रपट पुरा होईपर्यंत युद्ध संपत आलं होतं. ज्यांना फसवायचं त्यांच्यापर्यंत तो नीट पोहोचलाच नाही. आज त्याचे तुकडे तेवढे उरले आहेत, वीसेक मिनिटांचे.

खोटं सांगण्यासाठी केलेली ती फीत आज काय आहे? त्या मुलांपैकी कित्येकांचं हलतं-बोलतं असं जगात उरलेलं एकमेव चित्र. डब्ल्यू. जी. झेबाल्ट यांच्या ‘ऑस्टरलिट्झ’ या २००१ च्या कादंबरीत नायक हीच फीत मिळवतो आणि आपली आई कुठे दिसते का म्हणून तिचा वेग खूप कमी करून बघतो. वेग कमी केल्याबरोबर आनंदी संगीताचं रडगाणं होतं. रिडलींनी वेगाशी खेळून सैन्याला नाचवलं होतं, त्याच्या नेमकं उलट.

वॉर्सातल्या वस्तीत मे १९४२ मध्ये जर्मनांनी केलेलं चित्रणही असंच अर्धवट राहिलं. बिननिवेदनाची ती रिळं युद्धानंतर सापडली आणि खूप वर्षं लोक त्यांतली दृश्यं वस्तीच्या जीवनाची साक्ष म्हणून वापरत राहिले. १९९८ मध्ये आणखी एक रीळ सापडलं, टाकून दिलेल्या तुकड्यांचं. त्यात एकच प्रसंग पुन्हा पुन्हा घेतलेला दिसतो. चांगल्या कपड्यातली बाई खाटकाच्या दुकानात शिरते, बाहेरच्या भुकेल्या मुलांकडे न बघता. पुन्हा एकदा. आणखी एकदा. याएल हेर्सोन्स्की यांनी २०१० मध्ये ‘अ फिल्म अनफिनिश्ड’मध्ये ही रिळं त्या वस्तीतून वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांना अंधाऱ्या थिएटरात दाखवली. ती माणसं बनाव ओळखतात, सांगतातही. पण मध्येच कुणी डोळे झाकून घेतं. यात आपलं माणूस दिसलं तर, ही धास्ती. सर्वांत अवघड प्रेक्षक हाच. त्याला काय खोटं आहे हे ठाऊक आहे आणि तरी बघायचं आहे.

आणखी मागे, पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या ‘बॅटल ऑफ द सॉम’ या ब्रिटिश चित्रपटातही असंच आहे. पहिल्या सहा आठवड्यांत त्याची दोन कोटी तिकिटं खपली असं मानलं जातं. खंदकातून वर चढून निघणाऱ्या जवानांचं त्यातलं सर्वांत गाजलेलं दृश्य मागच्या बाजूला सरावाच्या जागी घेतलेलं होतं, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं. त्या वेळी लोक त्याच दृश्याला रडले होते. आज ते बनावट म्हणून आपण सोडून देतो, आणि नजर ठरते ती साध्या, कुणी ठरवून न घेतलेल्या ठिकाणी. मोर्च्याकडे जाणारे शिपाई कॅमेऱ्याजवळून जाताना क्षणभर त्यात बघतात. त्यांना निवेदक नाही, कारण तो चित्रपटच मूक आहे.

दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाख हिंदी सैनिक लढले. मराठा लाइट इन्फंट्री इटलीत होती. माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगे यांना तिथे १० जुलै १९४४ च्या लढाईत मरणोत्तर, आणि नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या लढाईत हयातीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही दोन नावं आपल्याला ठाऊक आहेत. हिंदी फौजांची त्या काळची सरकारी चित्रणं लंडनच्या इम्पिरिअल वॉर म्युझियममध्ये जपलेली आहेत आणि आता त्यांतली काही संगणकावर घरबसल्या बघता येतात. ती घेतली गेली साम्राज्याची एकजूट दाखवण्यासाठी. रायगड-साताऱ्याच्या एखाद्या घरात भिंतीवर फेटा बांधलेल्या पणजोबांची तसबीर असेल, तर तिच्याशेजारी बसून ती बघा. निवेदन असेल तर आवाज बंद करा. आणि वेग थोडा कमी ठेवा.